पांढरकवड्याच्या गच्चीवर विश्वाचा पुरावा

वैशालीनं घराच्या गच्चीवर रेडिओलहरी पकडणारा पत्र्याचा भोंगा उभारलाय आणि त्यातून आकाशगंगेतला हायड्रोजन ‘ऐकू’ येतो, हे कळल्यावर मी जानेवारीतला एक रविवार राखूनच ठेवला. वैशाली माझी कॉलेजातली मैत्रीण, आता पांढरकवड्यात भौतिकशास्त्र शिकवते.

नागपूरहून सकाळची एसटी घ्या. बायकांना अर्धं तिकीट, हैदराबादचा रस्ता उत्तम. ट्रकांमागे अडकलात तर मात्र वेळ लागतो. पांढरकवड्याच्या स्टँडबाहेर झणझणीत रश्श्याचे तर्रीपोहे खाल्ल्याशिवाय पुढे जाऊ नका.

घरी तिचे बाबा भेटले. एसटीतून निवृत्त झालेले चालक. ऐकीव गोष्ट मानायची नाही, हे त्यांनीच लेकीला लहानपणापासून शिकवलेलं. विश्व अतितप्त, दाट अवस्थेतून पसरत आलं, असं ती सांगू लागली तेव्हा त्यांनी तोच नियम तिला लावला. कित्येक महिने ते गच्चीवर चढलेच नव्हते. आज माझ्यामुळे आले.

भर दुपार. रेडिओलहरी पकडायला रात्रीची गरज नसते. भोंगा डोक्यावरच्या आकाशगंगेकडे वळवला आणि त्याला जोडलेल्या लॅपटॉपवर सपाट रेषेत हळूहळू हायड्रोजनचा एक उंचवटा आला. बाबांनी स्वतः भोंगा आग्नेयेकडे फिरवला. उंचवटा जवळपास बसला. परत वर आणला, पुन्हा उठला. असं त्यांनी तीनदा केलं.

मग वैशालीनं समजावलं. विश्वाच्या सुरुवातीच्या काही मिनिटांत हायड्रोजन आणि हेलियम किती तयार व्हायला हवं, याचं गणित मांडता येतं, आणि आकाशात मोजलं की जवळपास तेवढंच सापडतं. हा भोंगा ते प्रमाण मोजत नाही, फक्त त्यातला हायड्रोजन दाखवतो, हेही तिनं लपवलं नाही.

“आन् त्याच्या आधी काय होतं?” बाबांनी विचारलं.

“तेवढं कोणालेच पक्कं मालूम नाही, बाबा. मलेही नाही.”

बाबांनी पडद्यावरचा उंचवटा पुन्हा एकदा पाहिला. “नाही मालूम ते नाही मालूम म्हणतेस. म्हणून बाकीचं खरं वाटून राह्यलं.”

वैशाली डोळे पुसत खाली गेली आणि भाकरी थापायला बसली. सोल्यांची, म्हणजे तुरीच्या ओल्या दाण्यांची भाजी अशी की मी दोनदा मागून घेतली.

संध्याकाळी नागपुरात आईनं पाण्याचा पेला पुढे केला. मी तिला सांगितलं, यातल्या हायड्रोजनचं केंद्रक विश्वाच्या पहिल्या काही मिनिटांतलं आहे.

“एवढं जुनं?” ती म्हणाली. मग स्वतःसाठीही पेला भरला, समोर बसली, आणि आम्ही दोघी सावकाश पाणी प्यालो.