बिनखिडक्यांचं विमान

ती मालवाहू विमान कंपनी बंद पडली त्या वर्षी, ऐन गणेश चतुर्थीच्या तोंडावर, गणपतीच्या मूर्ती घडवणाऱ्या जोहे गावातल्या माझ्या शेवंतीआत्यावर अन्याय झाला. हे कुणी लिहीत नाही, म्हणून मी लिहितोय.

काल विमानवेड्यांच्या एका ग्रुपवर त्या कंपनीचं जुनं विमान दिसलं. चार इंजिनांचं, प्रवासी विमानाच्या खिडक्या बुजवून केलेलं. खाली कौतुकाचा पूर: काय आवाज, काय रुबाब! मला मात्र ओल्या रंगाचा वास आला.

आत्या गणपतीचे डोळे आखायची. परदेशी जाणाऱ्या मूर्ती त्याच विमानाने जायच्या. "खिडकी नाय त्याला? बाप्पा गुदमरंल गो वहिनी!" ती आईला हसत म्हणायची. त्या वर्षी कंपनीने न कळवता टाळं लावलं. मूर्ती विमानतळाच्या गोदामात अडकल्या आणि विसर्जन झाल्यावर टेम्पोने परत आल्या. आत्याने एकेकीच्या डोळ्यांवर पांढरा रंग फिरवला.

"डोळे उघडून वाट बघत बसले बिचारे. न्यायला कोण आलंच नाय."

मला वाटलं, पुढच्या वर्षीची तयारी चाललीय. पण त्यानंतर तिने कुंचला हातात धरलाच नाही.

विमानांचे फोटो जपणाऱ्यांनो, त्या कंपनीचा इतिहास लिहाल तेव्हा त्यात शेवंतीआत्याचं नाव घाला.