निळ्या दगडाची चिठ्ठी

भवानी पेठेतल्या आमच्या शाळेच्या प्रयोगशाळेत एक शिपाई होते. बाटली पुसली की ती उजेडात धरून पाहायची आणि मगच फळीवर ठेवायची, ही त्यांची सवय. शास्त्राचे तास त्यांनी भिंतीशी उभं राहून वर्षानुवर्षं ऐकले होते.

कपाटातल्या एका निळ्या दगडावर मी ‘मोरचूद’ अशी चिठ्ठी लावली. ते म्हणाले, “मास्तर, ह्यो तांब्याचा कार्बोनेट हाय. सहजी गावत न्हाय.” त्यांनी आम्लाचा थेंब टाकला, दगड फसफसला.

“चुना चिकटला असेल,” मी म्हणालो.

त्यांनी दगड पेल्यातल्या पाण्यात टाकून पेला माझ्या मेजावर ठेवला. आठ दिवसांनीही पाणी नितळच होतं, निळी झाकसुद्धा नव्हती.

“मोरचूद इरघळला असता की.”

“थोडा विरघळला असेल. दिसत नाही इतकंच,” मी हट्टानं म्हणालो.

त्यांनी दगड बाहेर काढला, पेला उजेडात धरला आणि मी खुर्चीतून उठेपर्यंत ते पाणी पिऊन टाकलं. मोरचूद विष असतं, हे मीच वर्गात शिकवत होतो.

पेला धुऊन त्यांनी पालथा घातला. “आता लिवा.”

मी नवी चिठ्ठी लिहिली, वेडीवाकडी. दौत त्यांनी धरली होती. ती जराही हलत नव्हती.