कापसावर शिकवलेली उडी

पुंडलिकने बॉल बाहेर ढकलला. गोल वाचला. लोक टाळ्या वाजवत होते, पण आमचा गोली उठेना. मी लंगडत धावलो.

"मास्तर, हात उचलून नाही राह्यला," तो म्हणाला.

महाराष्ट्र नुकता झाला होता तेव्हाची गोष्ट. मलकापूरच्या एका जिनिंगची आमची फुटबॉल टीम. जिनिंग म्हणजे कापसातून सरकी काढायचा कारखाना. मी आधी तिथला गोली, गुडघा गेल्यावर कोच. शाळा चौथीपर्यंत, पण गोलमधलं मला कोणी सांगावं हे खपत नसे. पुंडलिक जानेफळचा, कापसाच्या गठाणी उचलणारा हमाल. हात लांब, नजर पक्की. फक्त पडायला भ्यायचा. मैदान काळ्या मातीचं, वाळली की दगड. म्हणून मी त्याला कारखान्यातल्या कापसाच्या ढिगावर उड्या मारायला लावल्या. महिनाभरात गडी घारीसारखा झेपावू लागला.

फिटर गणपतराव रोज पाहायचे. एकदा म्हणाले, "मास्तर, याले जमिनीवर पाडून पाहा."

"तुम्ही मशीन पाहा. गोली मी पाहतो."

पडायची एक रीत असते. आधी बॉल टेकवायचा, मग खांद्याची मागची बाजू, मग कंबर. कोपर आधी टेकवायचं नाही. कापसात कोपर रुततं, दुखत नाही. पुंडलिक महिनाभर कोपरावरच पडत होता आणि मी शाब्बास म्हणत होतो. मॅचमध्ये कोपर आपटलं, गळ्याजवळचं हाड मोडलं.

हाड जुळलं, पण वाकडं. हात खांद्याच्या वर जाईना. मॅनेजर त्याला कामावरून काढायला निघाले. मी केबिनमध्ये गेलो, चूक माझी आहे म्हणालो. असं मी आधी कधी कोणाला म्हटलं नव्हतं.

मॅनेजरांनी मान वर केली. "कोचला गठाणी उचलाव्या लागत नाहीत. तुमची जागा त्याला देऊ?"

मी हो म्हटलं नाही. ते पुन्हा कागद वाचू लागले.

गावी जायच्या दिवशी पुंडलिक माझ्याकडे आला. डाव्या हाताने पाया पडला. "तुम्ही सायबाले बोलले म्हणे माह्यासाठी. लय उपकार झाले."

मी मान हलवून हाव म्हणालो.

पुढे बरेच गोली तयार केले. सगळे पहिल्या दिवसापासून जमिनीवर पाडले. अंग सोलतं, शिव्या घालतात. घालू द्या. जिथं पडायचं, तिथंच पडणं शिकवावं.