माझे सर ठरलेत

हे लिहायचं मी बरीच वर्षं टाळलं. निवृत्तीनंतर जुने सहकारी भेटले की कुणीतरी विचारायचंच, "सर, ती देवरीकडची मुलगी तुमच्याकडं पीएच.डी. करणार होती ना, तिचं काय झालं?" मी सांगायचो की तिचा गैरसमज झाला. त्यांच्या गावची काहीतरी रीत होती, ती मला ठाऊक नव्हती. लोकांना हे लगेच पटायचं. प्राध्यापकाला खेड्यातली रीत ठाऊक नसणार, असं सगळेच धरून चालतात. पण मी स्वतः गोंदियाकडच्या गोरेगाव तालुक्यातल्या शेतकऱ्याचा मुलगा, आणि ती रीत तर तिनंच मला समोर बसून समजावली होती. आता पंचाहत्तरी उलटली. जे घडलं ते तसंच्या तसं सांगतो.

दोन हजार तीन-चारच्या सुमाराची गोष्ट. गोंदियाच्या एका महाविद्यालयात मी मानसशास्त्र शिकवत होतो. विभाग म्हणजे मी, एक तरुण सहकारी, आणि मैदानाच्या टोकाला असलेली प्रयोगशाळा. आरशात बघून चांदणी गिरवायचं उपकरण, दोन-तीन स्टॉपवॉच आणि मोडक्या पायांचं एक टेबल, एवढीच तिची संपत्ती. लोडशेडिंगमुळे दुपारी पंखा बंद असायचा, म्हणून आम्ही दाराशी खुर्च्या टाकून बसायचो.

विद्यापीठानं मला संशोधनाचा मार्गदर्शक म्हणून मान्यता दिली होती. मुलं गाईड म्हणतात. एका गाईडला ठरावीकच विद्यार्थी घेता येतात, आणि गाईडच्या संमतीची सही नसेल तर विद्यापीठ अर्जाला हातही लावत नाही. त्यामुळे पीएच.डी. करू पाहणाऱ्यांचं पहिलं संशोधन गाईडवरच चालतं: कुणाकडं जागा आहे, कोण कधी निवृत्त होणार, कुणाला कोणता विषय आवडतो. माझ्याकडं एक जागा उरली होती आणि निवृत्ती जवळ येत होती. निवृत्तीला ठरावीक काळ उरला की नवा विद्यार्थी घेता येत नाही, हाही नियम होता.

ती आली तेव्हा मी दाराशीच बसलो होतो. देवरी तालुक्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षणसेवक होती. एम.ए. झालेलं. महाविद्यालयात शिकवायचं तिच्या मनात होतं, त्यासाठी पीएच.डी. हवी होती.

"सर, तुमच्याकडं एक जागा आहे म्हनतात."

"कोण म्हणतं?"

"सारेच. आहे का नाई?"

मला हसू आलं. पुण्याला शिकायला गेल्यावर मी असं सरळ विचारायचं आणि सरळ उत्तर द्यायचं विसरलो होतो. म्हटलं, "आधी विषय तर सांग."

"लोक न बोलता शब्द कसा देतात, तो."

मग तिनं तलावाचं सांगितलं. तिच्या गावाला जुना तलाव आहे, खालची सगळी धानाची शेती त्याच्यावर. कोणाच्या बांधीत, म्हणजे धानाच्या वाफ्यात, किती पाणी, किती वेळ, हे पाणकर ठरवतो. धान निघाला की पुढल्या वर्षाचा पाणकर नेमायचा असतो. पण "तू हो" असं त्याला कोणी म्हणत नाही. ज्याच्यावर गावाचं मन बसलं त्याच्या ओसरीवर नवे तांदूळ आणून ठेवायचे आणि निघून जायचं. त्यानं ते दिवेलागणीच्या आत घरात नेले तर तो पाणकर. ओसरीवरच राहिले तर ज्याचे त्यानं उचलून न्यायचे. कागद नाही, बैठक नाही, हो-नाही नाही.

"आणि आत नेऊन काम केलंच नाही तर?"

"असा कोनी करत नाई, सर."

"का पण?"

"तेच तं शोधायचा आहे," ती म्हणाली. "काऊन करत नाई."

माझ्या सगळ्या कारकिर्दीत कुणी विद्यार्थ्यानं मला इतका जिवंत प्रश्न आणून दिला नव्हता. आमची शेती चोरखमाऱ्याच्या सरकारी तलावावर. तिथं नहराला, म्हणजे कालव्याला, पाणी येतं ते पाटबंधारे खात्याचा माणूस सोडतो तेव्हा, त्यामुळे असलं काही मी पाहिलं नव्हतं. मी तिला पुन्हा यायला सांगितलं. ती आली की मी विचारत सुटायचो. बाईच्या हातून ठेवलेले तांदूळ चालतात का? दोन ओसऱ्यांवर ठेवले तर? मनात नसताना बायकोच्या आग्रहानं आत नेले तर? ती सांगायची, कधी म्हणायची, "हे विचारून येतो," आणि पुढल्या खेपेला उत्तर घेऊन यायची. बसनं ये-जा करण्यात तिचा अख्खा रविवार जायचा. सहीबद्दल मात्र मी काही बोलत नव्हतो. तिनं विचारलं की म्हणायचो, "बघू या, आधी आराखडा नीट बसू दे."

एकदा मी तिच्या गावीही गेलो. तलावाची पाळ, पाणी सोडायची जागा, सगळं पाहिलं. तिचे वडील पूर्वी पाणकर होते. त्यांनाही मी तासभर प्रश्न विचारले. शेवटी ते म्हणाले, "मास्तर, तुमी शिकवाले आले का शिकाले?"

"दोन्ही," मी म्हटलं.

"पोरगी म्हन्ते तुमी लय विचारता. ते ठीक आहे. पन तिले घेता का नाई घेत, ते काऊन नाई सांगत?"

"त्याची एक प्रक्रिया असते, काका. बघू या."

"तुमी पुन्याले शिकले का?"

"हो."

"तवाच," ते म्हणाले, आणि मुलीला चहा आणायला सांगितलं. ती आत हसत होती.

मी सही का करत नव्हतो, हे तेव्हा मला स्वतःलाही धड सांगता आलं नसतं. आज सांगता येतं. मी भीत होतो. माझी स्वतःची पीएच.डी. शहरातल्या मुलांना छापील चाचण्या देऊन, गुण मोजून केलेली. तिच्या विषयाला चाचणी नव्हती. विद्यापीठाच्या समितीपुढे विद्यार्थ्याबरोबर गाईडलाही उत्तरं द्यावी लागतात. "हे मोजणार कसं?" असं कुणी विचारलं असतं, तर माझ्याकडं उत्तर नव्हतं. निवृत्तीच्या तोंडावर ते दिसून यायला नको होतं. आणि तिला नाही म्हटलं असतं तर ती पुन्हा आली नसती. तेही नको होतं.

दिवाळीनंतर एका रविवारी सकाळी ती आमच्या घरी आली. हातात कापडी पिशवी. घरात आली नाही. पिशवी ओसरीवर, चपलांच्या रॅकपासून जरा दूर ठेवली आणि म्हणाली, "नवे तांदूळ आहेत सर, चिन्नोर. येतो." आणि फाटक लावून गेली.

मी दारात उभा होतो. काय चाललंय ते मला त्याच क्षणी कळलं होतं. याबद्दल मी आजवर खोटं बोललो.

बायको बाहेर आली. "हे काय?"

"तांदूळ. विद्यार्थिनीनं आणले."

"मंग बाहेर काऊन ठेवले? आत आना. मुंग्या लागतील."

"असू दे थोडा वेळ."

ती आत गेली. मी वर्तमानपत्र घेऊन ओसरीवर बसलो, पण लक्ष पिशवीकडं. दुपारी जेवून पुन्हा तिथंच. परत करायची तर सोपं होतं, काहीच करायचं नव्हतं. पिशवी होती तिथं राहू द्यायची. संध्याकाळच्या बसआधी ती ओसरी बघायला येणारच होती; पिशवी घेऊन गेली असती आणि दुसरा गाईड शोधायला लागली असती. पण मला एक प्रश्न सोडत नव्हता: गावातली रीत गावाबाहेर चालते का? तिचा विषय इतका मोठा आहे, असं ती म्हणते, तर एका प्राध्यापकाच्या ओसरीवर तो किती टिकतो? मला पाहायचं होतं. प्रयोगशाळेत आपण मुलांना आरशातली चांदणी देतो आणि कडेला उभं राहून त्यांचा हात कुठं चुकतो ते बघतो, अगदी तसं. ऊन उतरायला लागल्यावर मी पिशवी उचलली आणि आत नेली.

त्या रात्री बायकोनं ते तांदूळ शिजवले. घरभर वास होता. मी पोटभर जेवलो.

प्रयोगाचा निकाल मला उन्हाळ्यात कळला, परीक्षेच्या मूल्यांकन केंद्रावर. पेपर तपासायला आम्ही आठवडाभर एका हॉलमध्ये बसायचो. शेजारच्या टेबलावर दुसऱ्या शहरातल्या एक प्राध्यापिका होत्या, त्याही गाईड. चहाच्या सुटीत म्हणाल्या, "तुमची ती देवरीची मुलगी हुशार आहे. तुमच्याकडं यायच्या आधी कधीतरी माझ्याकडं नाव देऊन गेली होती. मध्ये माझी एक जागा रिकामी झाली, म्हणून मी बोलावलं. तर म्हणाली, मॅडम, माझे सर ठरलेत."

"हो का," मी म्हटलं.

"मग दुसऱ्या मुलाला दिली. तुमचं नोंदणीचं झालं ना?"

"चालू आहे."

तेव्हा तरी मी सही करू शकलो असतो. वेळ होता. घरी येताना गाडीत मी ठरवलंही. पण मनाचा एक कोपरा असा होता, ज्याला आनंद झाला होता. रीत चालली होती. माझ्या ओसरीवरून चालली होती. या आनंदाची मला आज लाज वाटते, पण तो होता.

त्यानंतर ती आली की मी तिच्या आराखड्यात चुका काढायचो. उद्दिष्टं अजून नेमकी कर. नमुना वाढव. आणखी दोन गावं घे. ती घ्यायची. तिनं एकदाही सहीचं विचारलं नाही. आधी दर खेपेला विचारणारी मुलगी आता विचारत नव्हती. तिच्या दृष्टीनं ते काम झालं होतं. असंच एक वर्ष गेलं, त्यापुढचेही काही महिने गेले, आणि नवा विद्यार्थी घ्यायची माझी मुदत संपली. जागा कुणालाच गेली नाही. रिकामीच राहिली.

मी तिला सांगितलं, "विद्यापीठानं अचानक नियम बदलला. माझ्या हातात काही उरलं नाही."

नियम बदलला नव्हता. तिनं आराखड्याचे कागद पिशवीत घातले. मग म्हणाली, "तुमी इतके दिवस मेहनत घेतली सर, ती वाया गेली."

ती पुन्हा गाईड शोधायला गेली की नाही, मला माहीत नाही. विचारलं नाही. लग्न झाल्याचं कुणाकडून तरी कळलं. निवृत्तीनंतर बायको गेली, घर शांत झालं, आणि मी हे जास्त आठवायला लागलो. शेवटी सात-आठ वर्षांनी एक दिवस मी महामार्गाच्या बसनं देवरीकडं निघालो. ती आता एका शाळेची मुख्याध्यापिका होती. बसमध्ये मी काय बोलायचं ते जुळवत होतो. एक वाक्य पुरेसं होतं.

शाळेत मुलांची खिचडी संपून ताटं धुणं चाललं होतं. तिनं मला लांबूनच ओळखलं. "सर, तुमी? एकटेच आले?" खुर्ची दिली, पाणी दिलं, चहा मागवला. केस पांढरे व्हायला लागले होते, बोलणं तेच.

मी वाक्य सुरू करणार, तेवढ्यात माझ्या तोंडून निघालं, "गावात अजून पाणकराला तांदूळ ठेवतात का?"

"आता कमिटी झाली, सर. ठराव होते, सह्या होतात." मग हसून म्हणाली, "पन लोक तांदूळ बी ठेवून राहिले. ठराव कोन वाचते?"

"म्हणजे दोन्ही? मग कोणतं मानतात?"

तिनं सांगायला सुरुवात केली, आणि मी पुन्हा तसाच विचारत सुटलो. अर्धा-पाऊण तास गेला. मला बरं वाटत होतं, हे आणखी वाईट.

मग मी विचारलं, "तुझं संशोधन?"

"राहिला तो, सर. मंग पोरं झाले." तिनं माझा चेहरा पाहिला असावा. म्हणाली, "तुमी कायले मनाले लावून घेता? तुमी तं घेतला होता मले. नियमच बदलला, तुमी काय करान?"

ती मला समजावत होती, माझ्याच खोट्यानं. तेव्हा बोलायला हवं होतं. मी विचारलं, "परतीची बस किती वाजता आहे?"

ती रस्त्यापर्यंत सोबत आली. "सर, इतक्या दूर आले. काही काम होता का?"

"नाही. इकडं आलो होतो, म्हटलं भेटून जावं."

बस आली, मी चढलो, ती हात हलवत उभी होती. खिडकीची जागा मिळाली होती, काच उघडी होती, आणि बस निघायला वेळ होता. जुळवून नेलेलं, तेव्हाही न बोललेलं वाक्य एवढंच होतं: ते तांदूळ मी त्यांचा अर्थ ठाऊक असूनही आत नेले, सही कधीच करणार नव्हतो, नियम कुणीही बदलला नव्हता, मला माफ कर, बाई.