शेजारी कोण राह्यते?

वाशीमच्या जुन्या वस्तीतलं आमचं दोन खोल्यांचं घर विकायला काढलं, तेव्हापासून माझं डोकं तापलेलंच होतं. येणारा प्रत्येक जण भिंतीवर टिचक्या मारायचा आणि नाक मुरडायचा. एक गृहस्थ मात्र खूश झाले. भर मे महिन्यात आत गारवा, बाजार दोन पावलांवर, आडाला पाणी. सगळं पाहून ते खुर्चीत ऐसपैस बसले, लिंबाचं सरबत प्याले आणि आवाज बारीक करून म्हणाले, "काकू, शेजारी कोण राह्यते?"

"मुसलमान टेलर हाय. त्याचा बापही इथंच राह्यचा."

त्यांनी ग्लास खाली ठेवला. "घर चांगलं हाय हो. पन..."

त्या 'पन'नं माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पुढचं ऐकून घ्यायला मी थांबलेच नाही.

"भाऊ, आमच्या घरात खुर्ची नाई. पाहुणा आला का टेलरची बायको न मागता आणून देते. तुमी बसले ते तिचीच हाय. उठा आता, अन् जाता जाता तिच्या दारात ठेवून जा."