सोबत एक माणूस

"गुरुवारी सकाळी आठला या. डोकं धुऊन या, आणि सोबत एक माणूस आणा," डोळ्यांच्या दवाखान्यातली नर्स म्हणाली.

"एकच?" मापाडींनी विचारलं.

"एक पुरे. जास्त आणले तर बसायला जागा नाही."

मापाडींनी मान हलवली. आता एक निवडला की बाकीचे रागावणार, अशा काळजीने हलवावी तशी. नर्सने फॉर्मवर शिक्का मारला. सोबतच्या माणसाचं नाव, नातं आणि सही, अशा तीन रिकाम्या जागांचा तो कागद घडी करून त्यांनी खिशात ठेवला आणि ते जिना उतरले. पायऱ्या त्यांनी मोजून उतरल्या, कारण दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता आणि शेवटची पायरी हल्ली दिसायच्या आधी लागायची.

मापाडी हे त्यांचं आडनाव नव्हे. गावातल्या सर्वांत मोठ्या जोड्यांच्या दुकानात ते छत्तीस वर्षं दुसऱ्या मजल्यावर होते, आणि माप घ्यायचं काम त्यांचं, म्हणून थोरल्या मालकांनी कधीतरी गमतीने हाक मारली ती चिकटली. दुकान तीन मजली होतं. खाली पुरुष, वर बायका, त्याच्यावर मुलं आणि शाळेचे बूट. माप मात्र सगळ्यांचं मधल्या, दुसऱ्या मजल्यावर. तिथे खिडकीपाशी सहा खुर्च्या आणि प्रत्येकीसमोर एक बुटकं, पुढून उतरतं स्टूल. गिऱ्हाईक खुर्चीत, मापाडी स्टुलावर, मधे पाय.

त्या दुकानात माप अंदाजाने घेत नसत. दोन्ही पाय पितळी पट्टीवर ठेवायला लावायचे, उभं करायचं, मग बसवायचं, आणि जोडा चढवल्यावर अंगठ्याने पुढचं टोक दाबून पाहायचं. हे चालू असताना गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे पाहायचं नाही, असा थोरल्या मालकांचा नियम होता. त्यांचं म्हणणं, रंग आवडला की माणूस चेहऱ्याने हो म्हणतो आणि चावणारा जोडा घेऊन जातो. आठ दिवसांनी तोच चेहरा भांडायला येतो. पायाची बोटं मात्र तिथल्या तिथे आक्रसतात. मापाडींनी छत्तीस वर्षं बोटं पाहिली.

याचा परिणाम असा झाला, की अर्ध्या गावाचे पाय त्यांना तोंडपाठ होते आणि चेहरा एकाचाही सांगता येत नव्हता. उलट बाजूने पाहिलं तर गावानेही त्यांचा चेहरा पाहिला नव्हता. खुर्चीत बसलेल्या माणसाला खाली वाकलेल्या माणसाचं जे दिसतं ते दिसे. शेकडो लोकांनी मापाडींचं टक्कल पडताना टप्प्याटप्प्याने, दर हंगामाला पाहिलं होतं. त्या टकलाखाली नाक कसलं आहे हे विचारलं असतं तर त्यांना विचार करावा लागला असता.

दुकान दोन वर्षांपूर्वी बंद झालं. शेवटच्या आठवड्यात निम्म्या किमतीचा बोर्ड लागला, तेव्हा दहा दहा वर्षं न फिरकलेले लोक आले आणि काखेत दोन दोन खोकी धरून म्हणाले, "अरेरे, चांगलं दुकान होतं हो." मापाडींनी त्यांनाही उभं करून माप घेतलं. घाईत काही जणांनी नको म्हटलं. बंद होणाऱ्या दुकानातून माणूस आपल्या मापाचं नव्हे, स्वस्त ते नेतो, हे त्यांना त्या आठवड्यात कळलं.

गुरुवारचा माणूस मिळवण्याची सुरुवात त्यांनी घरापासून केली. घरी ते एकटेच होते, त्यामुळे ती लगेच संपली. बायको जाऊन सहा वर्षं झाली होती. मुलगा विमानाने जावं लागेल इतक्या लांब होता आणि रविवारी फोन करायचा. हा फोन शुक्रवारी गेला म्हणून तो घाबरला.

"बाबा, काय झालं?"

"काही नाही रे. डोळ्याचं ऑपरेशन ठरलंय. एक माणूस आणा म्हणतात."

"मग मी ॲपवरून बघतो ना. हल्ली तासावर माणूस मिळतो. दवाखान्यात बसतो, घरी सोडतो, फोटो पण पाठवतो."

"कोणाचा फोटो?"

"तुमचा. म्हणजे मला कळेल, सगळं नीट झालं."

"नको. इथे माझ्या पुष्कळ ओळखी आहेत," मापाडी म्हणाले.

फोन ठेवल्यावर ते या पुष्कळ ओळखींच्या मागे लागले. गल्ल्यावर बसणारे स्नेही मुलीकडे राहायला गेले होते. गोदाम सांभाळणारे त्याहून लांब, परत न येण्याच्या ठिकाणी. शेजारच्या दाराला चार महिने कुलूप होतं. उरली ती गिऱ्हाइकं. शनिवारी सकाळी ते कोपऱ्यावरच्या औषधांच्या दुकानात गेले. तो औषधवाला चार वर्षांचा असल्यापासून त्यांच्या स्टुलावर पाय ठेवत आलेला. पहिले शाळेचे बूट मापाडींनीच चढवले होते आणि लग्नातलेही. तळवे सपाट, उजवी करंगळी शेजारच्या बोटावर चढलेली.

"बोला काका, काय देऊ?" औषधवाला म्हणाला.

मापाडींनी खाली पाहिलं. मधे काउंटर होतं. पाय दिसत नव्हते.

"ओळखलं नाहीस?"

औषधवाल्याने चेहऱ्याकडे नीट पाहिलं. सभ्य माणूस होता, प्रयत्न त्याने मनापासून केला. "गोळ्या बदलून घ्यायला आला होतात ना परवा?"

"नाही. तो दुसरा असेल."

"मग काय देऊ?"

मापाडींनी डोकेदुखीच्या गोळ्यांची एक पट्टी घेतली. डोकं दुखत नव्हतं. पण काहीतरी घेतल्याशिवाय बाहेर पडणारं गिऱ्हाईक दुकानदाराला कसं लागतं, हे त्यांना चांगलं माहीत होतं.

रविवार असाच गेला. सोमवारी दुपारी ते नेहमीप्रमाणे जुन्या दुकानासमोरच्या बाकावर जाऊन बसले. दुकानाच्या जागी आता व्यायामशाळा होती. पूर्वी त्या काचेत जोडे असत आणि माणसं बाहेर उभी राहून पाहत. आता माणसंच काचेत होती, फिरत्या पट्ट्यांवर ओळीने धावत होती, आणि तासाभराने जिथून निघाली तिथेच उतरत होती. मापाडींना धावणारे अंधुक दिसत, पण तिसऱ्या पट्ट्यावरच्या इसमाचे बूट एक नंबर मोठे आहेत हे त्याच्या आपटण्यावरून कळत होतं.

तेवढ्यात फुटपाथवरून एक चाल ऐकू आली. उजवं पाऊल गुपचूप पडत होतं, डाव्याची टाच सुटून चटकन आपटत होती. चाल जवळ आली आणि मापाडींच्या तोंडून निघून गेलं.

"बाई, डावी टाच निसटतेय."

चाल थांबली. भर दुपारी, भर रस्त्यात, बाकावरचा एक परका म्हातारा आपल्या टाचेविषयी बोलतो, यावर काय करावं हे ठरवायला बाईंनी दोन क्षण घेतले. त्या शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झाल्या होत्या, आणि दोन क्षणांपेक्षा जास्त वेळ त्यांनी वर्गातही कोणाला दिला नव्हता.

"आपली ओळख?"

"मी समोरच्या दुकानात होतो. दुसऱ्या मजल्यावर, खिडकीपाशी. तुम्ही जूनच्या आधी यायचात. काळे, बंद, बिनहिलाचे."

"तिथे एक गृहस्थ असायचे खरे," बाई म्हणाल्या. "पण तुमचा चेहरा काही..."

मापाडींनी मान खाली घातली. बाईंनी टक्कल पाहिलं.

"हां," त्या म्हणाल्या आणि बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसल्या. "टाचेचं काय म्हणत होतात?"

"तुमचं डावं पाऊल उजव्याहून अर्धा नंबर लहान आहे, आणि तो पायही किंचित आखूड. मी डाव्या जोड्यात सुकतळ्याखाली बुचाचा तुकडा घालून द्यायचो. आता घेतलेल्यात तो नसणार."

"कधीपासून घालत होतात?"

"पहिल्या जोड्यापासून. एकोणीस वर्षं."

"आणि मला सांगितलं नाहीत."

"दुकानाचा नियम होता. बहुतेकांचे पाय सारखे नसतात. सांगितलं की माणूस घरी जाऊन पाय बघत बसतो. म्हणून गुपचूप दुरुस्त करून द्यायचं."

बाई समोरच्या धावणाऱ्यांकडे पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, "गेली दोन वर्षं मी गुडघ्याचे व्यायाम करतेय. डॉक्टर म्हणाले, वय झालं. मी मान्य केलं. काठीसुद्धा बघून आले."

"काठी नको. बूट दुरुस्तीवाल्याकडे पाच मिनिटांचं काम आहे."

"सातवीच्या मुलांना तीस वर्षं सांगत आले, पृथ्वी तिरपी आहे. मी स्वतः तिरपी आहे हे सांगायचं एकालाही सुचलं नाही." हे त्या हसून म्हणाल्या नाहीत. "ही फसवणूक आहे, अहो."

"आहे," मापाडी म्हणाले.

इतक्या लवकर कबूल करणारा माणूस बाईंना शाळेत भेटला नव्हता. त्यांचा राग जरा अडखळला. "इथे काय करताय तुम्ही? रोज बसता?"

"दुपारी बसतो. आज जरा माणूस शोधतोय. गुरुवारी डोळ्याचं ऑपरेशन आहे. सोबत कोणी नसलं तर करत नाहीत."

"सापडला?"

"बघतोय."

"मला विचारताय का?"

"नाही, नाही. तुम्हाला कसं विचारणार."

"एकोणीस वर्षं न विचारता बूच घातलंत, आणि आता तोंड उघडायला लाज वाटते?" बाई उठल्या. "किती वाजता?"

"आठला. पण तुमचं काही काम असेल..."

"गुरुवारी मला काही नसतं," बाई म्हणाल्या. वर त्यांनी पुस्ती जोडली, "बुधवारीही नसतं." आणि टाच आपटत त्या गेल्या. ते चटचट मापाडींनी कोपऱ्यापर्यंत ऐकलं.

गुरुवारी मापाडी सव्वासातलाच दवाखान्यात जाऊन बसले. डोकं धुतलेलं होतं. पुसायला फारसं काही नव्हतं. बाकी सगळे जोडीने आले होते. कोणाची सून, कोणाचा भाऊ. त्या घोळक्यात डोळे बारीक करून काही उपयोग नव्हता, म्हणून मापाडी कान देऊन बसले. जिन्यावरून पावलं येत होती. घसटती, जड, उंच टाचेची, रबरी. डाव्या पायाने चटकन वाजणारं एकही नव्हतं. पावणेआठ झाले. आठ झाले. सोमवारी रागाच्या भरात बोलल्या असतील, मंगळवारी विचार केला असेल, असं त्यांनी बाईंच्या वतीने ठरवून टाकलं. त्यांना ते पटलंही. आपण त्यांच्या जागी असतो तर आलो असतो का, हा प्रश्न त्यांनी काढलाच नाही.

नर्सने नाव पुकारलं. "सोबत कोण आहे?"

"येणार होत्या," मापाडी उभे राहत म्हणाले. "बहुतेक जमलं नसेल. मला पुढची तारीख द्या."

"मी इथेच आहे," दोन खुर्च्या सोडून आवाज आला. "दहा मिनिटं झाली. तुम्ही जिन्याकडे तोंड करून बसला होतात, म्हटलं कशाला व्यत्यय आणा."

बाईंनी मंगळवारीच डावा जोडा दुरुस्तीवाल्याला देऊन बूच घालून घेतलं होतं. त्यांची चाल आता कोणाच्याही चालीसारखी होती.

नर्सने मापाडींकडचा फॉर्म उघडून बाईंपुढे केला. "नाव लिहा. आणि इथे नातं."

बाईंनी नाव लिहिलं आणि पेन थांबवलं. तीस वर्षं दुसऱ्यांच्या गाळलेल्या जागा तपासलेल्या माणसाला स्वतःची जागा मोकळी सोडणं शक्य नव्हतं.

"बहीण लिहू का?" नर्स घाईत होती.

"बहीण नाही मी."

"मैत्रीण?"

"सोमवारी पहिल्यांदा बोललो आम्ही."

"मग ओळखीच्या लिहा ना, बाई. मागे सहा जण आहेत."

"तेही कसं लिहू? हे रस्त्यात भेटले तर ओळखता येणार नाहीत मला," बाई म्हणाल्या आणि स्वच्छ अक्षरात लिहिलं, गिऱ्हाईक. नर्सने ते वाचलं, काहीतरी बोलायचं ठरवलं, मागच्या सहा जणांकडे पाहिलं आणि शिक्का मारला.

ऑपरेशन वीस मिनिटांत झालं. मापाडी बाहेर आले तेव्हा उजव्या डोळ्यावर पांढरी पट्टी होती आणि डाव्यातून धुकं दिसत होतं. बाईंनी त्यांच्या कोपराला हात लावला. धरला नाही, नुसता लावला. मापाडींच्या लक्षात आलं की सहा वर्षांत या कोपराला दुसऱ्या माणसाने हात लावलेला नाही. गर्दीतले धक्के धरायचे नाहीत.

नर्स थेंबांची बाटली देत समजावत होती. डोकं खाली करायचं नाही, वाकायचं नाही, जड उचलायचं नाही.

"वाकायचं नाही," बाईंनी मापाडींना पुन्हा सांगितलं. "ऐकलंत?"

"ऐकलं."

"उद्या दहाला पट्टी काढायला या," नर्स म्हणाली. बाई पर्समधून छोटी वही काढत होत्या, ते पाहून तिने हसून हात हलवला. "तुम्हाला नाही यावं लागणार. उद्या एकटे आले तरी चालतं."

"चालतं ना? नक्की?" बाईंनी विचारलं.

"हो, हो. उद्या कोणी लागत नाही."

बाईंनी वही परत ठेवली. पर्सची चेन लावायला त्यांना जरा वेळ लागला.

"बरं झालं," त्या म्हणाल्या.

"बरं झालं," मापाडी म्हणाले.

मग दोघं जिना उतरून टॅक्सीची वाट पाहत दवाखान्याच्या दारात उभी राहिली. दोन टॅक्सी रिकाम्या गेल्या. मापाडींना त्या दिसल्या नाहीत, आणि बाईंनी हात केला नाही.