मावशीच्या अंगणातली फांदी

वीजखात्यात सगळे तिला 'खार' म्हणत. लाइनमनच्या टोळीत बाई ती एकटीच. नवरा म्हणायचा, "हिच्याशी भांडायचं तर आधी शिडी शोधावी लागते."

संध्याकाळी वादळ धडकणार होतं. सकाळपासून टोळीनं कललेल्या खांबांना आधाराच्या ताणतारा बांधल्या, सैल तारा ओढून घेतल्या, तडे गेलेले इन्सुलेटर बदलले. उरली एक फांदी. इस्पितळाकडे जाणाऱ्या तारांवर ओणवलेली, आणि झाड खारीच्या सख्ख्या मावशीच्या अंगणात. आईमागे खारीला वाढवलं ते याच मावशीनं. झाड मावशीच्या नवऱ्यानं, काकांनी लावलेलं. ते गेल्यावर मावशी कुणाला ते छाटू देत नव्हती.

मुकादमानं लाइन बंद करून घेतली तेव्हा मावशी बुंध्याला टेकून खुर्चीत बसलेली.

"फांदीला हात लावलास तर माझं मेलेलं तोंड बघशील."

"मावशी, इस्पितळात काचेच्या पेटीत बाळं आहेत गं."

"त्यांच्याकडे जनरेटर असेल की!"

"आहे. पण तो दगा देणार नाही, असं कुणी सांगावं?"

मावशीनं तोंड फिरवलं. वारा आता पत्रे वाजवू लागला होता. "खारे, काय ते लवकर!" मुकादम ओरडला. टोळीतले बाकीचे पुढच्या गल्लीत अडकले होते. खारीनं पट्टा आवळला आणि चढली. खाली वाकून पाहिलं, तर मावशी जागची हलली नव्हती.

"ऊठ गं, डोक्यात पडेल!"

"पडू दे."

खारीनं फांदीला दोर बांधून टोक मुकादमाकडे सोडलं आणि खुर्चीपासून लांबच्या बाजूनं करवत घातली. फांदी निम्मी कापली गेली, तोच वाऱ्याचा झोत आला. फांदी करकरत फिरली, ती थेट खारीच्या अंगावर. मुकादम दोरासकट फरफटत चालला.

"अगं माझी पोर!" मावशी खुर्ची लाथाडून धावली. दोराचं टोक तिनं कमरेला गुंडाळलं आणि पाय रोवून मागे रेलली. फांदी इंचाइंचानं वळली. खारीनं उरलेलं लाकूड कापलं. धडाम! धुण्याच्या दगडाचे दोन तुकडे झाले.

खार खाली उतरली. मावशीनं तिच्या तोंडावरून हात फिरवला, कुठे लागलंय का पाहिलं, मग म्हणाली, "जा आता. मला काही बोलायचं नाही."

वादळानं गावाबाहेरचे खांब मुळासकट उपटले. इस्पितळाची तार मात्र टिकली. मावशीनं पुढे बरेच महिने अबोला धरला. खार यायची, पायरीवर बसायची, जायची. मावशी चहा ठेवायची, पण कप आदळून.

पुढच्या वर्षी आभाळ भरून यायच्या आधीच मुकादमाच्या फोनवर मावशीचा आवाज आला. "खारीला पाठवा. दुसरी फांदी तारेकडे निघालीय. आणि माणसं जास्त पाठवा, माझी कंबर अजून दुखतेय."